खंडेनवमीच्या पाटावरची बंदूक

बंदूक म्हटल्यावर दचकू नका, मित्रांनो. मी पेंटबॉलची जुनी बंदूक आहे. माझ्या नळीतून सुटते ती बोराएवढी गोळी, पातळ कवचाची, आत नुसता रंग. अंगावर फुटली की कपड्याला पिवळा नाहीतर निळा डाग पडतो आणि डाग पडलेला खेळाडू बाद होतो. थोडं दुखतं, खोटं कशाला बोलू? दंडावर चांगला वळ उठतो. पण पोरं तो वळ बाही वर करकरून आठवडाभर सगळ्यांना दाखवत हिंडतात, एवढं मी पाहिलं आहे.

माझा जन्म दूर तैवानात, एका कारखान्यात झाला. माझं अंग धातूचं आणि मूठ प्लास्टिकची. पण जीव म्हणाल तर तो रबराच्या सात बारीक कड्यांत आहे. करंगळीच्या नखावर मावेल एवढी एकेक कडी. नळकांड्यात दाबून भरलेला वायू माझ्या पोटात येतो, तो या कड्या अडवून धरतात. त्या धड तर मी धड. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझ्या आयुष्याचं वाटोळं तिथूनच झालं.

धारहून मांडवला जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक रिसॉर्ट होतं. आम्ही सहा जणी खोक्यात बसून तिथे आलो. काय दिवस होते ते! वाढदिवसाची पोरं यायची. एकदा तर लग्नाआधी नवऱ्याकडचे विरुद्ध नवरीकडचे असा सामना झाला आणि नवरीच्या मामांनी नवऱ्याला पहिल्याच मिनिटाला पिवळा करून टाकला. आमची निगा उमाशंकरकडे होती. धारचाच माणूस, बोलायला कमी. संध्याकाळी तो आम्हाला कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्या फडक्याने, आणि आमच्यासाठी आलेल्या खास तेलाचा एकच थेंब आत सोडायचा. माझ्या मूळच्या कड्या झिजल्या तेव्हा तशाच दुसऱ्या मिळेनात. मग त्याने धारच्या बाजारातून साध्या रबराच्या कड्या शोधून आणल्या, घासून मापाच्या केल्या आणि आम्हा सहाही जणींना बसवल्या. त्यावर आम्ही पुढे कित्येक वर्षं चाललो. त्याच्या हाताखाली मी एकदाही फुसकी निघाले नाही, हे मी अभिमानाने सांगते.

पुढे रिसॉर्ट बंद पडलं. मालक जाताना उमाशंकरला म्हणाला, "यांचं तूच काय ते बघ." त्याने आम्हाला आपल्या घरी नेलं, खाटेखाली ठेवलं आणि महिन्याच्या महिन्याला खोकं उघडून पुसत राहिला. आम्हाला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. अशी तीन वर्षं गेली. कुणी बोलावत नसताना नुसतं पडून राहणं किती जड जातं, ते पडून राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि मग ईशानी आली. देवासच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, सडपातळ, भडाभडा बोलणारी मराठी मुलगी. शाळेत असताना ती एका वाढदिवसाला रिसॉर्टवर खेळली होती म्हणे, आणि तो दिवस काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. चार ठिकाणी विचारत ती उमाशंकरचं घर शोधत आली. तिच्याजवळ एका बंदुकीपुरतेच पैसे होते. तिने सहा जणींतून मला उचललं.

उमाशंकरने मला तिच्या हातात देताना बजावलं, "दीदी, गुनगुना पानी, सूखा कपड़ा, और इस शीशी का एक बूँद. बस्स. पेट्रोल-घासलेट तो इनको दिखाना भी मत. छल्ले फूल जाएँगे."

"हाँ भिया, समझ गई," ती म्हणाली. समजलंही होतं तिला. फक्त हे आणखी कुणाला सांगून ठेवायला हवं, असं तिच्या मनात आलं नाही. तुमच्या-माझ्या तरी आलं असतं का?

बाकीच्या पाच जणींना मी स्वतः सोडवून आणलं, मित्रांनो! कॉलेजच्या आनंदमेळाव्यात ईशानीने एक टेबल मांडलं. समोर जुन्या गादीवर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सप्लीमेंटरी’. नापास झालेल्या विषयाची फेरपरीक्षा हो, जिच्या नावाने तिथली पोरं रडतात. वीस रुपयांत तीन गोळ्या, मारा तिला. अहो, रांग लागली! दोन सरही येऊन मारून गेले. एकाने तर नळीचा मुका घेतला. दोन दिवसांत एवढी कमाई झाली की पुढच्याच रविवारी ईशानी धारला जाऊन माझ्या पाचही बहिणींना घेऊन आली.

क्लब सुरू झाला. कॉलेजच्या मागे बाभळींचं एक पडीक मैदान होतं. पोरांनी जुने टायर आणले, सोयाबीनच्या भुसाची पोती रचली आणि लपायच्या जागा केल्या. वायूची नळकांडी भरून द्यायला कुणी तयार होईना. शेवटी कारखान्यांच्या भागात आग विझवायची लाल नळकांडी भरणारा एक दुकानदार कबूल झाला. खेळाडू चौदा होते, बंदुका सहा, म्हणून तिघे विरुद्ध तिघे असं आळीपाळीने खेळत. चौदांतल्या आठ मुली वसतिगृहात राहणाऱ्या. मी अनन्याच्या वाट्याला आले. ती खातेगांवकडची, शेतकऱ्याची मुलगी. वर्गात तिचं तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं, पण पोत्याआड बसली की तिचा नेम सुटायचा नाही. पहिला सामना जिंकल्यावर ती जी ओरडली ती स्वतःच दचकली. मला तिच्या हाताची सवय झाली होती.

अडचण एकच होती. वसतिगृहाच्या मॅडम मुलींना चार वाजल्यानंतर बाहेर सोडत त्या फक्त कॉलेजने मान्य केलेल्या कामासाठी. आमचा क्लब काही मान्य झालेला नव्हता. दोन महिने त्यांनी कानाडोळा केला, मग स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत कागद आणा, नाहीतर बंद. कॉलेजच्या क्रीडा अधिकारी अल्पना मॅडम भल्या बाई. त्यांनी ईशानीला बोलावलं.

"खेळाच्या निधीतून पैसे आणि मान्यता, दोन्हीसाठी समिती बसते. नुसतं तोंडी सांगून ते ऐकणार नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौघांना मैदानावर आणते. एक सामना दाखव, पंधरा मिनिटांचा. जमेल?"

"जमेल काय मॅडम, दौडेल!" ईशानी म्हणाली.

तिला सगळं दिसत होतं: मान्यतेचा कागद, वसतिगृहाच्या फाटकातून निघणाऱ्या आठ जणी, पुढच्या वर्षी नव्या बंदुका. ते नाही झालं तर अनन्या पुन्हा चार वाजता खोलीत जाऊन बसणार होती. ईशानीला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवतानाही ती ताटावर भाताच्या मुदी मांडून कोण कुठे लपणार ते ठरवायची.

आता बापूसाहेबांबद्दल सांगते. ते ईशानीचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे. तहसील कचेरीत नाझर होते, म्हणजे सरकारी खजिना आणि सामान सांभाळणारे. कॉलेजच्या फाटकावरचा शिपाई बंदूक आत ठेवू देईना म्हणून आम्ही ईशानीच्या घरीच राहत होतो. आईवडील नोकरीपायी रोज इंदूरला जात, घरी दिवसभर बापूसाहेब. सुरुवातीला त्यांनी आमच्याकडे पाहून नाक मुरडलं. "मुलीच्या जातीला हे काय खूळ!" पण एकदा ते मैदानावर येऊन बसले, अनन्याने तिघांना बाद केलेलं पाहिलं आणि खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून क्लब त्यांचाच झाला.

या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या लेखणीच. पूर्वज देवासच्या दरबारात कारकुनी करायला आले, तलवार कुणी हातात धरली नाही. खंडेनवमीला इतरांच्या घरी शस्त्रं पुजत, यांच्या पाटावर दौत, लेखणी, विळी, कात्री आणि फार तर स्कूटरची किल्ली. बापूसाहेबांच्या मनात ते लहानपणापासून सलत होतं. आणि या वर्षी घरात चक्क सहा बंदुका!

नवमीच्या सकाळी ईशानी मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला गेली होती. बापूसाहेबांनी पहाटेच स्नान केलं, मग माळ्यावरून एक बाटली काढली. रेशनवर मिळत होतं तेव्हाचं राखून ठेवलेलं घासलेट. आता ते कुठे मिळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं जिवापाड जपलेलं. कचेरीतली गंजलेली कुलुपं त्यांनी आयुष्यभर घासलेटानेच मोकळी केली होती. धातूला त्यापरतं औषध नाही, ही त्यांची खात्री होती.

इंजेक्शनच्या जुन्या पिचकारीने त्यांनी आम्हा एकेकीच्या पोटात घासलेट सोडलं. एक थेंबही बाहेर सांडू दिला नाही. तासभर आम्हाला भिंतीशी उभं केलं, मग पुसलं, वरून तिळाचं तेल लावलं आणि स्वतःशीच म्हणाले, "आतां कशा झळकताहेत!"

मित्रांनो, मी ओरडले असते हो! उमाशंकरचा शब्द न्‌ शब्द मला पाठ होता. पण आमच्या जातीला तोंड दिलंय ते फक्त गोळी सोडायला. पोटात आग आग होत होती आणि वरून ते सुरकुतलेले हात इतक्या मायेने फिरत होते की रागावता येईना. तसे हात माझ्यावरून त्याआधी कधी फिरले नव्हते.

ईशानी परतली तेव्हा पाटावर आम्ही ओळीने मांडलेल्या, हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या माळा. उदबत्तीच्या धुरात दुसरा कसला वास कळणार? शेजारपाजारचे पाहून जात होते. "आजोबा, तुम्ही तर कमाल केलीत!" म्हणून तिने त्यांच्या पायांना हात लावला. संध्याकाळी तिला एकदा गोळी मारून बघायचं होतं.

"छे, छे! पूजेत मांडलेले शस्त्र सीमोल्लंघन होईतो उचलायचे नाही, बाळ," बापूसाहेब म्हणाले. "रिवाज आहे."

तिने मानलं. दसऱ्याला सगळे टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले, सोनं वाटलं. वायूची नळकांडी भरलेली होती, सणामुळे दुकान बंद, तेव्हा उगाच वायू घालवायला नको असाही तिने विचार केला. दोन रात्री आणि दोन दिवस माझ्या कड्या आतल्या आत फुगत राहिल्या.

सामन्याच्या सकाळी समितीचे चौघे खुर्च्यांवर बसले. शेजारी बापूसाहेब, काळी टोपी घालून. अल्पना मॅडमनी शिटी वाजवली. अनन्या मला घेऊन पोत्याआड सरपटली, एका डोळ्याने नेम धरला आणि घोडा दाबला.

फुस्स.

माझ्या मुठीतून सगळा वायू निसटून गेला. गोळी नळीतच फुटली आणि तोंडातून पिवळा, तेलकट ओघळ अनन्याच्या मनगटावर आला. तिने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. पलीकडून माझ्या बहिणींचंही तेच, फुस्स, फुस्स. एकीने दोन गोळ्या धड मारल्या आणि तीही गेली. मैदानातली सहा आणि कडेला थांबलेली आठ, चौदाही पोरं उभीच्या उभी राहिली.

समितीतले एक सर हसले. "मॅडम, ये तो होली की पिचकारी से भी गई-गुजरी है. इससे अच्छा कैरम बोर्ड ले लेते हैं."

ईशानीने मला अनन्याच्या हातून घेतलं, नळीला नाक लावलं. घासलेटाचा वास नाकात गेला. तिने हळूच मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

"या बंदुकांची निगा कोण राखतं?" अल्पना मॅडमनी विचारलं.

"मीच, मॅडम. माझीच चूक."

तिथपर्यंत मला तिचा अभिमान वाटला. पण बापूसाहेब काठी टेकत उठले. नातीवर आळ आलेला त्यांना कसा सोसावा? "तिची काही चूक नाही! त्या धारच्या माणसाने पोरीला मोडका माल गळ्यांत बांधला. परवाच मी स्वहस्ते साफसूफ केल्या, सर्व वरवर ठीक दिसत होते. फसविले आहे त्याने!"

सगळ्यांनी ईशानीकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. ती ‘हो’ म्हणाली नाही, पण ‘नाही’ही म्हणाली नाही. आणि मित्रांनो, तेवढ्यानेच काम झालं. उमाशंकर लबाड ठरला.

जाताना अल्पना मॅडम तिला बाजूला म्हणाल्या, "दिवाळीआधी समिती एकदा बसणार आहे. बंदुका दुरुस्त करून मला दाखवल्यास, तर मी पुन्हा शब्द टाकेन." म्हणजे दार अजून किलकिलं होतं. पण कड्यांचं माप एका उमाशंकरला ठाऊक, आणि त्याला फोन करायचा कुठल्या तोंडाने? ईशानी रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

फोन शेवटी अनन्याने केला, आमच्या खोक्यावर लिहिलेल्या नंबरवर. तिला घासलेटाचं ठाऊक नव्हतं, आळ खरा की खोटा हेही नाही. तिला फक्त खेळायचं होतं.

तो तिसऱ्याच दिवशी दुपारी आला. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन बस बदलून. हातात प्लास्टिकची पुडी, त्यात सहाही जणींच्या कड्या, घासून मापाच्या केलेल्या. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत खुंटीवर होते, उघड्या दारातून मला तो दिसला. किती बरं वाटलं सांगू!

"बाबूजी, मैं उमाशंकर. धार से. दस मिनट दे दो, छल्ले बदल देता हूँ. पैसे नहीं चाहिए."

बापूसाहेब फाटकाशी आडवे उभे राहिले. "तुम ही हो वो? बच्ची को फँसाया, अब दरवाजे पे आए हो? शरम नहीं आती?"

उमाशंकर गोंधळला. "मैंने तो चालू दी थी, बाबूजी. बिटिया से पूछ लो. वो बता देगी."

बापूसाहेब न्यायी माणूस. ते वळले आणि त्यांनी हाक दिली, "ईशानी! हा मनुष्य म्हणतो, तुला विचारावे. चालू स्थितींत दिल्या होत्या का याने?"

ईशानी आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. मला ती दिसत होती, फाटकातून दिसत नव्हती. एकच शब्द पुरे होता. त्या शब्दात अनन्याचे चार वाजल्यानंतरचे सगळे दिवस होते, क्लब होता, या माणसाची अब्रू होती. आणि त्या शब्दापाठोपाठ आजोबांचा दुसरा प्रश्न आला असता, मग बिघडल्या कशाने? तिने चौकट घट्ट धरली. डोळे भरून आले होते.

"जाऊ द्या ना त्याला, आजोबा," ती आतूनच म्हणाली.

उमाशंकरने ते ऐकलं. मराठी त्याला येत नव्हती, पण एवढं कुणालाही कळतं. त्याने पुडी कठड्यावर ठेवली, हात जोडले आणि तो गेला. संध्याकाळी बापूसाहेबांनी ती पुडी उचलून कचरागाडीत टाकली. दिवाळीआधी समिती बसली, दोन कॅरम बोर्ड मंजूर झाले. वसतिगृहाचं फाटक चार वाजता बंद होऊ लागलं. माझ्या पाच बहिणी पोत्यात भरून माळ्यावर गेल्या आणि ईशानीने मैदानाच्या बाजूने जाणंच सोडलं. बापूसाहेबांशी ती पूर्वीसारखीच गोड बोलते, पण त्यांच्याजवळ फार वेळ बसत नाही. ते म्हणतात, अभ्यास वाढला असेल.

मित्रांनो, मला कुणी हेळसांडीने मोडलं नाही. कदाचित म्हणूनच मला दुरुस्त करायला कुणी येत नाही. तुमच्या घरात कुणी मायेने तुमची वस्तू पुसायला घेतली, तर जवळ बसा, तिला काय चालतं आणि काय नाही ते सांगा. चूक झालीच, तर तीही सांगा. म्हातारी माणसं रडतील, दोन दिवस जेवणार नाहीत, पण त्यातून उठतील. तुम्ही सांगितलं नाहीत तर दुसऱ्याच कुणाला तरी दोन बस बदलून, मान खाली घालून परत जावं लागेल.

मी अजून खुंटीवर आहे. दर रविवारी बापूसाहेब मला खाली घेतात, मांडीवर ठेवून पुसतात आणि त्या धारच्या माणसाला चार शिव्या देतात. हात अजून तसेच मायेचे आहेत. मला बोलता येत नाही आणि ईशानी बोलत नाही. तुमच्यापैकी कुणी कधी देवासला त्या घरी गेलात, तर पाया पडा त्यांच्या, आणि जवळ बसून कुणीतरी एकदा त्यांना खरं सांगा हो.